जुना डीएसएलआर ठेवू की नवा सुपरझूम घेऊ? नाशकात बसून स्वतः तपासायची पद्धत

हिवाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. घरात २०१० च्या सुमाराचा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, कपाटात पडलेला असतो, सोबत किटमध्ये आलेल्या दोन लेन्स, आणि मग कोणीतरी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातून सुपरझूमवर (न बदलता येणाऱ्या एकाच लेन्समध्ये प्रचंड झूम असलेल्या कॅमेऱ्यावर) काढलेला जांभळ्या पाणकोंबडीचा फोटो ग्रुपवर टाकतो, पायाची बोटंसुद्धा मोजता येतील असा, आणि इकडे आपल्या डीएसएलआरच्या फोटोत तीच पाणकोंबडी म्हणजे गवतातला एक निळा ठिपका. लगेच वाटतं की आपला कॅमेरा जुना झाला, काढून टाकावा. थांबा जरा. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून याचं उत्तर मिळत नाही, कारण ते दुसऱ्याच्या उजेडात आणि दुसऱ्याच्या विषयावर केलेले असतात, आपल्या गच्चीवर आणि गोदाघाटावर दोन संध्याकाळी घालवल्या की मात्र मिळतं.

उदाहरणासाठी एक जोडी धरून चालतो. जुना म्हणजे कॅनन ५५०डी, २०१० चा, १८ मेगापिक्सेल, १८-५५ आणि ५५-२५० लेन्स. नवा म्हणजे कॅनन एसएक्स७० एचएस, २०१८ चा, ६५ एक्स झूमवाला, २० मेगापिक्सेल. तुमच्याकडे निकॉन डी९० असेल आणि डोळा पी९५० वर असेल तरी पद्धत तीच, फक्त आकडे बदलायचे.

आधी जुन्या फोटोंची झडती घ्या

कॅमेरा हातात घ्यायच्या आधी कॉम्प्युटर उघडा. गेल्या काही वर्षांतले जे फोटो तुम्ही खरंच कोणाला दाखवले, फ्रेम केले, स्टेटसला ठेवले, तेवढे एका फोल्डरमध्ये काढा. विंडोजमध्ये डिटेल्स व्ह्यू लावून फोकल लेन्थचा (लेन्स किती लांबचं जवळ आणते त्याचं एमएममधलं माप) कॉलम चालू करता येतो, त्याच्यावर सॉर्ट मारा. प्रत्येक फोटो किती एमएमवर काढलाय ते समोर येतं.

बहुतेक फोटो १८ ते ५५ मध्येच असतील, म्हणजे घरातली लग्नं, पोरांचे वाढदिवस, त्र्यंबकची फेरी, मिसळ खायला गेल्यावरचे फोटो, तर सुपरझूमचा तुम्हाला जवळपास उपयोग नाही, आणि इथेच लेख वाचणं थांबवलं तरी चालेल. उलट २५० वर भरपूर फोटो असतील आणि तेही नंतर क्रॉप केलेले असतील तर पुढे वाचा, कारण तुमची अडचण खरी आहे. याला अर्धा तास लागतो आणि पैसा शून्य, तरी ही पायरी कोणीच करत नाही.

मग जुन्या कॅमेऱ्याची तब्येत

धूळ बसलेल्या, बुरशी धरलेल्या कॅमेऱ्याची नव्याशी तुलना करणं म्हणजे अन्याय आहे. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ २२ वर टाका (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), लेन्सचा फोकस लांबवर ठेवा आणि मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे-करडे डाग दिसले तर सेन्सरवर, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, धूळ आहे, ती साफ करून मिळते. लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि समोरून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की बुरशी. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातले लोक पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवतात आणि दिवाळीला काढतात, त्यांच्या लेन्समध्ये हे फार दिसतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यावर काम भागतं, पुड्या मात्र अधूनमधून वाळवायला हव्यात.

निकॉनमध्ये शटर किती वेळा पडलाय हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच सापडतो, कॅननच्या या जुन्या मॉडेलला त्यासाठी यूएसबीने जोडून वेगळं सॉफ्टवेअर लागतं. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण लाखभर फोटोंसाठी बनवलेलं असतं, त्यापुढेही चालतात, पण मग त्याच्यावर नव्या लेन्सचा खर्च करताना दोनदा विचार करा. बॅटरी जुनी असेल तर ती बदलूनच टेस्ट करा.

थोडं गणित, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं

दुकानात सांगतात, "हा १३६५ एमएम, तुमचा फक्त २५०." ऐकून माणूस गार होतो. पण ही दोन वेगळ्या मापातली माणसं शेजारी उभी केल्यासारखं आहे. १३६५ हा आकडा ३५ एमएम फिल्मच्या हिशोबाने सांगितलेला आहे. एसएक्स७० च्या लेन्सवरच नीट वाचलंत तर खरी फोकल लेन्थ लिहिलेली आहे, ३.८ ते २४७ एमएम. म्हणजे पूर्ण झूमला ती २४७, आणि तुमची जुनी लेन्स २५०. सारखीच की!

मग पाणकोंबडी एवढी मोठी कशी दिसते? सेन्सरमुळे. ५५०डीचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, सुपरझूमचा सुमारे ६.२ बाय ४.६, म्हणजे क्षेत्रफळात जवळपास १२ पट फरक. लेन्सने दोन्हीकडे पक्ष्याचं चित्र तेवढंच पाडलं, पण सुपरझूमने फक्त मधला तुकडा घेतला आणि त्या तुकड्यातच सगळे २० मेगापिक्सेल कोंबले. दोन्ही कॅमेऱ्यांची फाइल ५१८४ पिक्सेलच रुंद असते, त्यामुळे एकावर पक्षी साधारण ५०० पिक्सेल येतो तिथे दुसऱ्यावर १९०० च्या आसपास.

आता कोणी म्हणेल मग झालं, सुपरझूम जिंकला. अर्धवट जिंकला. एफ ६.५ ला प्रकाश लेन्सच्या कडेवरून वाकून पसरतो आणि एका बिंदूचा जो ठिपका होतो तो साधारण ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर सुपरझूमचा एकेक पिक्सेल जेमतेम १.२ मायक्रॉन. म्हणजे पूर्ण झूमला २० मेगापिक्सेलइतकी बारकाई त्या चित्रात उतरतच नाही, फाइल तेवढी मोठी असते इतकंच. माझ्या मते पूर्ण झूमची फाइल ५ मेगापिक्सेलवर आणून बघावी, काही गमावल्यासारखं वाटत नाही. तरीसुद्धा जुन्या कॅमेऱ्याच्या क्रॉपपेक्षा ती सरसच असते, फक्त आकडा सांगतो तेवढ्या पटीत नाही.

दुसरं गणित प्रकाशाचं. खरी फोकल लेन्थ भागिले एफ नंबर करा, लेन्सचं तोंड खऱ्या अर्थाने किती उघडतं ते मिलिमीटरमध्ये मिळतं. जुनी ५५-२५० पूर्ण झूमला: २५० भागिले ५.६, म्हणजे ४५. एसएक्स७०: २४७ भागिले ६.५, म्हणजे ३८. फार फरक नाही! निकॉन पी९५० ची खरी फोकल ३५७, भागिले ६.५, म्हणजे ५५, तो तर जुन्या किट लेन्सच्या पुढे गेला. पी१००० चं ५३९ भागिले ८, म्हणजे ६७. म्हणून लांबच्या पक्ष्यासाठी "छोटा सेन्सर म्हणजे भिकार" हे डीएसएलआरवाल्यांचं पालुपद खरं नाही, तुम्ही डीएसएलआरचा फोटो क्रॉप करूनच वापरणार असाल तर मोठ्या सेन्सरचा बराचसा भाग फुकट जातोय.

आता तेच झूम बाहेर घेऊन करा. १८ एमएम भागिले ३.५, म्हणजे ५. सुपरझूमचं ३.८ भागिले ३.४, म्हणजे १ च्या जरा वर. इथे तोंडाच्या क्षेत्रफळात वीसेक पटीचा फरक पडला. सुपरझूमची फ्रेम जास्त रुंद येते हे धरून सूट दिली, दोन्हीकडे सारखी फ्रेम लावली, तरी १२ पटीच्या आसपास राहतो. रात्रीच्या, घरातल्या, देवळातल्या फोटोंना सुपरझूम का चिखल करतो ते यातच आलं. आणि ५० एमएम एफ १.८ ही स्वस्तातली लेन्स जुन्या बॉडीला लावली तर ५० भागिले १.८ म्हणजे २८, मग तुलनाच संपली. कुठलाही कॅमेरा बघताना हा भागाकार मोबाईलवर करून बघायची सवय लावा, ब्रोशरमधल्या सगळ्या आकड्यांपेक्षा कामाचा आहे.

गच्चीवरची टेस्ट: चंद्र

मध्यमेश्वरला जायची गरज नाही. ५० मीटरवर बसलेली पाणकोंबडी आणि आकाशातला चंद्र दोघं कॅमेऱ्याला जवळपास सारख्याच मापाचे दिसतात, अर्ध्या अंशाच्या आसपास. म्हणून मित्राचा किंवा भाड्याने मिळाला तर तसा सुपरझूम एका रात्रीसाठी घ्या आणि गच्चीवर जा. पौर्णिमा टाळा, अष्टमी-नवमीचा चंद्र घ्या, उजेड-अंधाराच्या रेषेवर विवरांच्या सावल्या पडतात त्यामुळे बारकाई पटकन कळते.

ट्रायपॉड लावा, दोन सेकंदाचा टायमर लावा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ठेवा, मॅन्युअल मोड लावा, त्यात काही अवघड नाही, डीएसएलआरला एफ ८ आणि शटर स्पीड १/१०० सेकंद यापासून सुरुवात करा, सुपरझूमला एफ ६.५ आणि १/१६०, मग पांढरं जळतंय का बघून कमी-जास्त. चंद्रावर थेट ऊन असतं, ऑटोवर सोडलात तर दोन्ही कॅमेरे त्याची पांढरी पुरी करून ठेवतील. डीएसएलआरमध्ये मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू लावून दहा पट मोठं करून हाताने फोकस करा. दोन्हीकडे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (नेहमीची तयार फाइल) दोन्ही काढा (निकॉन पी९०० मध्ये रॉ नाही, पी९५० आणि पी१००० मध्ये आहे).

कॉम्प्युटरवर डीएसएलआरचा चंद्र क्रॉप करून दुसऱ्याएवढा मोठा करा आणि शेजारी ठेवा. या टेस्टमध्ये सुपरझूम जिंकेल, जिंकायलाच पाहिजे. बघायचं हे की फरक तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो. आणि बघताना मोबाईलच्या स्क्रीनवर एकदा आणि ए४ प्रिंटवर एकदा, कारण ए४ प्रिंटला साधारण ९ मेगापिक्सेल पुरतात आणि स्टेटसला तर २ सुद्धा.

गोदाघाटावरची टेस्ट: संध्याकाळ

रामकुंडावर आरतीच्या वेळी जा. दिव्यांचा पिवळा उजेड, मागे निळसर होत जाणारं आकाश, माणसं हलतायत, कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याच्यापेक्षा कठीण जागा नाशकात नाही. ट्रायपॉड नको, गर्दीत लोकांच्या पायात येतो. दोन्हीकडे सारखी फ्रेम, दोन्हीकडे शटर स्पीड १/१२५, आयएसओ ऑटो. एसएक्स७० चा आयएसओ ३२०० लाच संपतो, ५५०डी ६४०० पर्यंत जातो.

मग पुजाऱ्याच्या चेहऱ्याकडे नाही, अंगावरच्या कपड्याच्या विणीकडे बघा. छोट्या सेन्सरचा जेपेग नॉइज (कमी उजेडात येणारे दाणे) काढण्याच्या नादात कपडा सपाट करून टाकतो, मोबाईलवर लांबून छान दिसतं, मोठं केलं की मेणाचा पुतळा. जुन्या कॅमेऱ्यात दाणे दिसतील पण वीण शिल्लक असेल. त्यातून रॉ फाइल डार्कटेबल किंवा रॉथेरपी अशा फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलीत तर २०१० च्या सेन्सरमधून काय काय निघतं ते बघून आश्चर्य वाटेल. ज्यांना एडिटिंगचा कंटाळा आहे त्यांनी हा मुद्दा सोडून द्यावा, रॉच्या नावाने फुशारकी मारून पुढे सगळं जेपेगच वापरणारे आपण बरेच आहोत.

अंधारासाठी पांडवलेणीपण चांगली, १८ नंबरच्या चैत्यगृहात आतून दाराकडे तोंड करून एक फोटो काढा, आतला काळोख आणि बाहेरचं ऊन एका फ्रेममध्ये सांभाळताना मोठा सेन्सर कुठे लागतो ते लगेच कळतं.

उडणारे पक्षी

हे प्रत्यक्ष नांदूर मध्यमेश्वरलाच बघावं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० मध्ये जाहीर झालं, गोदावरी आणि कादवाच्या संगमावर. चापडगावच्या बाजूच्या मनोऱ्यावरून बसलेले पक्षी खूप लांब असतात, चित्रबलाक, चमचे, चक्रवाक, हळदीकुंकू बदकं. इथे सुपरझूम मजा देतो, डीएसएलआरवाला नुसता दुर्बिणीला डोळा लावून बसतो. पण मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी डोक्यावरून गेला की खेळ उलटतो. ५५०डीमध्ये नऊच फोकस पॉइंट आणि सेकंदाला ३.७ फोटो, कागदावर काहीच नाही, तरी आरशातून थेट दिसतं आणि फोकस चटकन बसतो. सुपरझूममध्ये बर्स्ट (सलग फोटो) मारताना इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमधलं (डोळा लावायच्या छोट्या स्क्रीनवरचं) चित्र थोडं मागे राहतं, त्यात एवढ्या झूमला पक्षी एकदा फ्रेमबाहेर गेला की नुसतं आकाश शोधत बसायचं. त्यासाठी एसएक्स७० ला एक बटण दिलंय, दाबलं की झूम तात्पुरता मागे येतो, पक्षी सापडला की सोडायचं, परत होता तिथे. निकॉनमध्येही असंच बटण आहे. दुकानात हे बटण शोधून दाबून बघा, अंगठ्याला न बघता सापडलं पाहिजे.

वेळ महत्त्वाची. सकाळी नऊच्या आत काम उरका. ऊन वर आलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि १००० एमएमच्या पुढे सगळे फोटो पाण्यातून काढल्यासारखे येतात, मग लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात. आणि निफाडची थंडी माहितीच आहे, बॅटरी थंडीत लवकर बसते, सुपरझूमची आधीच छोटी, कंपनीच्या हिशोबाने एका चार्जला सव्वातीनशेच्या आसपास फोटो, त्यात स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत चालू. दुसरी बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

बाकीचं भराभर

व्हिडिओ: चर्चाच नको, सुपरझूम. ४के, चालता फोकस, हातात धरूनही बऱ्यापैकी स्थिर. ५५०डी व्हिडिओ काढताना स्वतःहून सतत फोकस करत नाही आणि डी९० तर ७२०पीवरच थांबतो.

वजन: एसएक्स७० सहाशे ग्रॅमच्या घरात. ५५०डी आणि ५५-२५० मिळून नऊशेच्या वर, शिवाय दुसरी लेन्स. हरिहर गडाच्या पायऱ्या चढणार असाल तर हा मुद्दा बाकी सगळ्यावर मात करतो. पी१००० मात्र एकटाच १४०० ग्रॅमचा आहे, त्याला कॉम्पॅक्ट म्हणणं धाडसाचं.

धूळ-पाणी: २०२७ च्या सिंहस्थात गर्दीत लेन्स बदलत बसणं जमणार नाही, तिथे एकच लेन्सवाला बरा. पण सुपरझूमची नळी आत-बाहेर करताना धूळ ओढते आणि आत गेलेली धूळ घरी काढता येत नाही, अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. डीएसएलआरमध्ये बिघडलेली लेन्स बाजूला ठेवून दुसरी लावता येते. रहाडीच्या (रंगीत पाण्याच्या जुन्या हौदांच्या) रंगपंचमीला दोन्ही घरी ठेवा, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या.

मग ठरवायचं कसं

झडतीत २५० वरचे क्रॉप निघाले, बसलेले पक्षी, चंद्र, डोंगरावरची गिधाडं हेच आवडतं, आणि एडिटिंग करायचं नाही: सुपरझूम घ्या, बिनधास्त. त्यातही पक्षी हाच मुख्य नाद असेल तर एसएक्स७० पेक्षा पी९५० कडे बघा, भागाकारात तो पुढे आहे.

घर, समारंभ, घाट, देवळं: जुनाच ठेवा आणि ५० एमएम एफ १.८ घ्या. फोटोत जो फरक पडेल तो नवीन कॅमेऱ्याने पडणार नाही.

दोन्ही थोडं थोडं, तर एक इंच सेन्सरवाले बघा, सोनी आरएक्स१० मार्क ४ सारखे, ३५ एमएम फिल्मच्या हिशोबाने २४ ते ६०० एमएम, एफ २.४ ते ४. खरी फोकल २२०, भागिले ४, म्हणजे ५५, आणि सेन्सर छोट्याच्या चौपट. महाग आहे आणि किलोभर वजन आहे, पण एकच कॅमेरा ठेवायचा म्हटलं तर माझं मत यालाच.

जुन्या बॉडीवर मोठी लेन्स चढवायचा विचार असेल तर आधी जुळते का तपासा. निकॉनच्या नव्या एएफ-पी लेन्स डी९० वर फोकसच करत नाहीत, उलट जुन्या एएफ-डी लेन्सना बॉडीतली मोटर लागते, ती डी९० मध्ये आहे, डी३१०० मध्ये नाही. डी९० ला मेमरी कार्डही ३२ जीबीपर्यंतचंच द्या.

सुपरझूम सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच झूम पूर्ण बाहेर-आत पाच-सहा वेळा करा, मध्ये अडकतो का, करकरतो का ऐका. पूर्ण झूमला समोरच्या इमारतीवरची पाटी चारही कोपऱ्यात धरून फोटो काढा, एक कोपरा कायम धूसर आला तर कॅमेरा कधीतरी पडलेला आहे, सोडून द्या. नवीन घेताना भारतातलं वॉरंटी कार्ड आणि जीएसटीचं बिल, दोन्ही हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घेतल्यावर पहिल्याच रविवारी झूम दाखवायला म्हणून देवळाली कॅम्प किंवा ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्याकडे तोंड करू नका, लष्करी हद्दीत एवढ्या लांब लेन्सची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी.